‘उद्या या’ची नोंद कुठे होते? नाशिकमध्ये हक्क आणि सार्वजनिक सेवांवर देखरेख ठेवण्याची पद्धत

शासकीय सेवांचे डॅशबोर्ड उघडून पाहिलेत, तर वेळेत निकाली निघालेल्या अर्जांचं प्रमाण बहुतेक ठिकाणी भरघोस दिसतं. हा आकडा खोटा असतोच असं नाही. अडचण अशी की तो फक्त दाखल झालेल्या अर्जांचा असतो. ‘सर्व्हर डाउन आहे’, ‘साहेब साइटवर गेलेत’, ‘अजून एक कागद आणा’ असं खिडकीवरच ऐकून माघारी फिरलेला माणूस त्यात कुठेच नसतो. अर्ज नाही म्हणून क्रमांक नाही, क्रमांक नाही म्हणून मुदत सुरू होत नाही, आणि मुदतच नाही तर उशीर कसला?

हक्कांवर देखरेख ठेवायची म्हणजे मुख्यतः या न मोजलेल्या माणसांची मोजदाद करायची.

निवेदनं आणि मोर्चे नाशिकला नवे नाहीत. वनहक्काचे दावे आणि इतर मागण्या घेऊन 6 मार्च 2018 ला इथून निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च 12 मार्चला मुंबईच्या आझाद मैदानात होता. 2022 च्या अखेरीस सुरगाणा तालुक्यातल्या सीमेवरच्या काही गावांनी रस्ते, पाणी, दवाखाना मिळत नाही म्हणून ‘आम्हाला गुजरातेत जाऊ द्या’ अशी मागणी केली. अशा वेळी यंत्रणा हलते, बैठक लागते, आश्वासन मिळतं. देखरेखीचं काम त्याच्या आधीचं आणि नंतरचं आहे. कोणत्या गावात कोणती सेवा किती मिळायला हवी होती, कोणत्या तारखेला किती मिळाली, आणि आश्वासनानंतर सहा महिन्यांनी त्यात काय फरक पडला, हे लिहून ठेवायचं. काम कंटाळवाणं आहे, त्यामुळे ते करायला माणसं कमी मिळतात.

आधी मानक ठरवा

‘वाडीला पाणी मिळत नाही’ ही झाली कैफियत. ‘जलजीवन मिशनचं मानक माणशी रोज 55 लिटर, वाडीत 300 माणसं, म्हणजे 16,500 लिटर हवं, टाकीत चढतं ते 6,000’ ही झाली नोंद. पहिल्या वाक्यावर अधिकारी ‘बघतो’ म्हणू शकतो. दुसऱ्यावर त्याला आकडा तरी खोडावा लागतो.

हे मानक तीन थरांतून येतं आणि थर ओळखता आला की पुढचा अर्ज कुठे जाईल हेही कळतं. सगळ्यात वर संविधान: अनुच्छेद 14 ची समानता, 15 ची भेदभावबंदी, 17 ची अस्पृश्यताबंदी, 21 चा जीविताचा हक्क, 21-क चं शिक्षण. तातडीच्या रुग्णाला सरकारी रुग्णालयाने उपचार नाकारणं हा अनुच्छेद 21 चा भंग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये पश्चिम बंगालमधल्या खेत मजदूर समितीच्या प्रकरणात स्पष्ट म्हटलं आहे. त्याखाली कायदे: शिक्षण हक्क 2009, अन्नसुरक्षा 2013, पथविक्रेते 2014, लोकसेवा हक्क 2015. किलो, किलोमीटर, दिवस असे मोजता येणारे आकडे बहुतेक या थरात सापडतात. सगळ्यात खाली शासन निर्णय आणि योजनांच्या मार्गदर्शक सूचना. त्या बदलत राहतात, म्हणून नोंदीत ‘जीआर आहे’ एवढं लिहून भागत नाही. जीआरची तारीख लिहावी आणि प्रत फाइलला लावावी.

थर चुकला की श्रम वाया जातात. गल्लीतल्या खड्ड्याची तक्रार मानवी हक्क आयोगाकडे आणि कोठडीतल्या मारहाणीची तक्रार महापालिकेच्या ॲपवर, असे अर्ज खरोखर होतात. त्याहून जास्त दिसतो तो मुख्यमंत्र्यांपासून तलाठ्यापर्यंत अकरा जणांना प्रत लावलेला अर्ज. अकराही जण तो ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ एकमेकांकडे पाठवतात आणि शेवटी ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच टेबलावर येऊन पडतो.

रेशन: सगळ्यात सोपी आणि सगळ्यात शिकवणारी तपासणी

नव्या गटाने सुरुवात रेशनपासून करावी, कारण इथे देय किती हे पक्कं ठरलेलं आहे. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो धान्य, अंत्योदय कार्डाला माणसं कितीही असोत 35 किलो. जानेवारी 2023 पासून हे धान्य मोफत आहे. गहू आणि तांदळाचं प्रमाण बदलतं, बेरीज बदलत नाही.

प्रत्येक घरी चार गोष्टी विचारायच्या: कार्डावर माणसं किती, ई-पॉसची (दुकानातल्या अंगठ्याच्या यंत्राची) पावती मिळाली का, पावतीवर किलो किती, हातात किलो किती. शेवटचं उत्तर ऐकून लिहू नका, वजन करा. हुकाचा डिजिटल काटा स्वस्तात मिळतो. एक लिटर पाणी भरलेली बाटली लटकवून तो आधी तपासा. रिकाम्या बाटलीचं वजन सोडून 1 किलो यायला हवं. पिशवीचं वजन वेगळं लिहायचं आणि वजा करायचं. चांगल्या नोंदीचा हा एक काल्पनिक नमुना:

‘नोंद 14. प्राधान्य कार्ड, माणसे 6. देय 30 किलो. पावती दिली नाही. दारात वजन 25.3, पिशवी 0.3, निव्वळ 25. दुकानदाराने सांगितलेले कारण: धाकट्याची केवायसी झालेली नाही. धाकट्याचे वय 4.’

या एका ओळीत तक्रारीपुरतं सगळं आलं. केवायसी म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या बोटांचे ठसे आधारमध्ये घेतलेच जात नाहीत, त्यामुळे सांगितलेलं कारण तिथेच लटकं पडतं. आता राज्याच्या महाईपॉस संकेतस्थळावर त्या कार्डाचा बारा अंकी क्रमांक टाकून त्या महिन्याचा व्यवहार पाहायचा. तिथे 30 किलो दिसले तर पाच किलो दुकानातच राहिले. हा अपहार झाला. 25 दिसले तर माणूस यंत्रणेतून गळलाय; हे पुरवठा शाखेचं काम. काहीच दिसलं नाही तर धान्य नोंदीबाहेरून दिलं गेलंय आणि साठ्याचा हिशेब तपासायला हवा. दिसायला तिन्हींत पाचच किलोंची तूट, पण अर्ज तीन वेगळे. हा फरक न करता ‘दुकानदार धान्य कमी देतो’ एवढंच लिहिलं की चौकशीला आलेला पुरवठा निरीक्षक दप्तर बघतो, दप्तर जुळतं, आणि प्रकरण ‘तथ्य आढळून आले नाही’ या शेऱ्यावर बंद होतं.

अंगठा न लागण्याचा प्रश्न पेठ-सुरगाण्यात, दिंडोरीच्या द्राक्षबागांत आणि वीटभट्ट्यांवर काम करणाऱ्या हातांना जास्त येतो, कारण ठसे झिजलेले असतात. आधार किंवा ठशाच्या अडचणीपायी पात्र कुटुंबाला धान्य नाकारू नये, अशा केंद्राच्या सूचना आहेत. कुटुंबातल्या दुसऱ्या सदस्याचा अंगठा चालतो, मोबाइलवर ओटीपी येतो. म्हणून नोंदीत ‘अंगठा लागला नाही’ इथे थांबू नका. त्यानंतर दुकानदाराने दुसरा कोणता मार्ग वापरून पाहिला का, हेही विचारा. नेमकं तिथे उल्लंघन असतं किंवा नसतं.

कमी धान्याची तक्रार 1967 या हेल्पलाइनवर करता येते, पण लेखी तक्रार तहसीलच्या पुरवठा शाखेत आणि नाशिक शहरात धान्य वितरण अधिकाऱ्याकडे द्यावी. अन्नसुरक्षा कायद्यात जिल्हा तक्रार निवारण अधिकारी, राज्य अन्न आयोग, दुकानस्तरापासूनच्या दक्षता समित्या आणि सामाजिक अंकेक्षण (लोकांनीच करायची तपासणी) या सगळ्यांची तरतूद आहे. दक्षता समितीच्या सदस्यांची नावं विचारून बघा. खुद्द सदस्यालाच आपण समितीत असल्याचा पत्ता नाही, हेही एक निरीक्षणच आहे आणि ते फुकट मिळतं.

खिडकीवरची मोजणी

लोकसेवा हक्क कायदा राज्यात 28 एप्रिल 2015 पासून लागू आहे. प्रत्येक अधिसूचित सेवेसाठी मुदत, पदनिर्देशित (सेवा द्यायला जबाबदार) अधिकारी आणि अपिलाचे अधिकारी ठरलेले असतात आणि ही यादी कार्यालयात फलकावर लावणं बंधनकारक आहे. उत्पन्नाच्या दाखल्याला 15 दिवस, असं. पात्र माणसाला अर्जाची पोच आणि अर्ज क्रमांक मिळायलाच हवा. मुदत टळली किंवा अर्ज नाकारला तर 30 दिवसांत पहिलं अपील. सबळ कारण असेल तर उशिराचं अपील 90 दिवसांपर्यंत दाखल करून घेता येतं. त्यावर समाधान झालं नाही तर दुसरं अपील आणि शेवटी 60 दिवसांत राज्य सेवा हक्क आयोगाकडे तिसरं. नाशिक विभागासाठी आयोगाचे स्वतंत्र आयुक्त आहेत. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये शास्ती, म्हणजे दंड, होऊ शकते. रक्कम फार नाही, पण शास्तीचा कागद सेवापुस्तकाच्या आसपास फिरू लागला की टेबल हलतं.

हे सगळं पोच मिळाल्यानंतरचं. मोजायचं ते त्याच्या आधीचं. पद्धत साधी आहे. एका कार्यालयाच्या फाटकाबाहेर दोघांनी उभं राहायचं आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक तिसऱ्या माणसाला तीनच प्रश्न विचारायचे: कशासाठी आलात, पोच मिळाली का, नसेल तर काय सांगितलं. कारणांना आधीच खुणा ठरवून ठेवा: सर्व्हर, साहेब नाहीत, कागद कमी, एजंटकडे जा, जादा पैसे. तिसराच माणूस घ्यायचा, कारण स्वतःहून बोलायला येणारा बहुतेक वेळा वैतागलेलाच असतो आणि मग आकडा फुगतो. सोमवारी एकदा, आठवड्याच्या मध्ये एकदा, आणि दाखल्यांच्या हंगामात, म्हणजे दहावी-बारावीच्या निकालापासून प्रवेश संपेपर्यंत, एकदा. फक्त जूनमध्येच मोजलंत तर कार्यालय ‘गर्दी होती’ म्हणेल आणि ते खरंही असेल.

‘कागद कमी’ या खुणेवर जरा रेंगाळा. सेवेसाठी कोणते कागद लागतात याची यादी ठरलेली असते. यादीतला कागद आणला नसेल तर ते उल्लंघन नव्हे. यादीबाहेरचा मागितला असेल तर मात्र आहे, आणि परत पाठवलेल्यांमधला मोठा गठ्ठा इथेच दडलेला असतो. म्हणून ‘कोणता कागद?’ हे शब्दशः लिहून घ्या.

अर्ज घ्यायलाच नकार मिळाला तर आपले सरकार पोर्टलवरून ऑनलाइन भरावा. अर्ज क्रमांक तिथे आपोआप पडतो. ऑनलाइन सोय नसलेल्या कामासाठी आवक-जावक कक्षात, म्हणजे टपाल टेबलावर, दोन प्रती घेऊन जायचं आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्यायचा. महापालिकेच्या बाबतीत राजीव गांधी भवनात, म्हणजे मुख्यालयात, जायची गरज बहुधा नसते. नाशिक पूर्व, पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, नवीन नाशिक, सातपूर या सहा विभागीय कार्यालयांत अर्ज देता येतो. तिथेही घेतला नाही तर स्पीड पोस्टाने पाठवून पोच मागवावी. पूर्वीचं रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टातच आलंय. टेबलावरच्या माणसाशी वाद घालत बसू नये, त्याने शिक्का उमटत नाही.

आणि हुद्द्यांची नवी नावं वापरा. तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी आहेत, ग्रामसेवक ग्रामपंचायत अधिकारी. बोलताना तलाठी म्हटलंत तरी चालतं, अर्जात मात्र पद बरोबर हवं.

पाणी, दवाखाना, शाळा

इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा हा पट्टा धो धो पावसाचा, आणि मार्च-एप्रिलमध्ये तिथल्या वाड्यांवर टँकर लागतो. टंचाईच्या काळात माणशी रोज 20 लिटरचा हिशेब धरतात. 300 माणसांना 6,000 लिटर, म्हणजे 10,000 लिटरच्या टँकरची रोज एक खेप पुरायला हवी. ती कागदावर पुरते. प्रत्यक्षात टँकर अर्धा भरून येतो, एक दिवस चुकतो, किंवा विहिरीत ओतलेलं पाणी झिरपून जातं. म्हणून खेपा मोजून भागत नाही. विहिरीच्या काठावर एक खुणेची दोरी बांधून टँकरआधीची आणि नंतरची पातळी लिहा, टँकरचा क्रमांक आणि वेळ लिहा, आणि महिनाअखेर हे लॉगबुकशी ताडून बघा. टँकरला जीपीएस असतं. त्याचा अहवाल माहिती अधिकारात मागता येतो. जीपीएस गाडी कुठे गेली ते सांगतं, टाकीत पाणी किती होतं ते नाही.

पाण्याच्या शुद्धतेसाठी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे ओटी द्रावण असतं. नमुन्यात थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. तोटीशी किमान 0.2 मिलिग्रॅम प्रतिलिटर उरायला हवं. टाकीजवळ चाचणी करून ‘सकारात्मक’ लिहिणं ही नेहमीची चलाखी. तुम्ही शेवटच्या घरच्या तोटीचा नमुना घ्या.

आरोग्यात नुसत्या हजेरीपेक्षा खिशातून गेलेला पैसा मोजावा. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरसह उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयं आणि महापालिकेची रुग्णालयं या निर्णयात येत नाहीत, त्यामुळे कोणता दवाखाना कोणाच्या अखत्यारीत हे आधी बघा. बाळंतिणीसाठी तर 2011 पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे: प्रसूती, सिझेरियन, औषधं, तपासण्या, घरून नेणं-आणणं मोफत, आणि जेवण साध्या प्रसूतीला 3 दिवस, सिझेरियनला 7 दिवस. गेल्या तीन महिन्यांत बाळंत झालेल्या बायकांना भेटून एवढंच विचारा: गाडी कोणती आली, वाट किती पाहिली, गाडीवाल्याला किती दिले, बाहेरून काय आणायला सांगितलं, जेवण किती वेळा मिळालं. बाहेरून औषध आणायची चिठ्ठी हाती असेल तर नाव झाकून फोटो घ्या. दहा चिठ्ठ्यांवर तेच एक औषध दिसलं की साठ्याचा प्रश्न आहे. दहांवर दहा वेगळी ब्रँडची औषधं दिसली तर प्रश्न साठ्याचा नाही.

प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशावरचं आणि श्वानदंशावरचं इंजेक्शन आज कपाटात आहे का आणि त्याची मुदत कधी संपते, हे दोन प्रश्न पावसाळ्याआधी विचारून ठेवा. भेट आठवडे बाजाराच्या दिवशी द्या, गर्दी तेव्हाच असते. एक भेट रात्रीची.

या प्रकाराला महाराष्ट्रात लोकाधारित देखरेख म्हणतात. ग्रामीण आरोग्य अभियानात 2007 पासून ती पाच जिल्ह्यांत सुरू झाली आणि नंतर पसरली. गावाने सेवांना चांगल्या, मध्यम, वाईट असे रंग द्यायचे आणि ते तक्ते जनसुनवाईत अधिकाऱ्यांपुढे मांडायचे, ही त्यातली रीत. जनसुनवाईत आयत्या वेळी अधिकाऱ्याला कोंडीत पकडण्याचा मोह होतो. आमच्या मते तो चुकीचा. आकडे आठ दिवस आधी पाठवा. येणारा अधिकारी निदान उत्तर घेऊन येतो, आणि काही दुरुस्त्या सुनवाईच्या आदल्याच दिवशी झालेल्या असतात. त्याचं श्रेय कोणी घ्यायचं यावर भांडू नये.

शाळेबद्दल थोडक्यात. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी. फॉर्ममध्ये ‘स्वच्छतागृह आहे का?’ असा रकाना ठेवलात तर सगळीकडे ‘होय’ येईल. ‘आत्ता कुलूप आहे का, आत पाणी आहे का’ असा ठेवा. तक्रार आधी स्थानिक प्राधिकरणाकडे करायची; त्याने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. त्यावरचं अपील बाल हक्क संरक्षण आयोगाकडे.

कुंभाच्या तोंडावर फेरीवाले

2027 च्या सिंहस्थासाठी नाशिकमध्ये रस्ते, घाट, चौक यांची कामं चालली आहेत, आणि अशा कामांत सगळ्यात आधी उठतात त्या हातगाड्या. 2014 च्या पथविक्रेते कायद्यानुसार सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत विक्रेत्यांना हुसकावता येत नाही. स्थलांतर करायचं तर 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते. माल जप्त केला तर यादी करून तिची प्रत द्यायची. नाशवंत माल विक्रेत्याने मागितला त्याच दिवशी आणि इतर माल दोन कामकाजाच्या दिवसांत परत करायचा. इथे नोंद तासांत होते. गाडी कधी उचलली, यादी दिली का, नोटीस कोणत्या तारखेची, टोपलीत काय होतं आणि अंदाजे किती किमतीचं, हे त्याच संध्याकाळी लिहिलं नाही तर दुसऱ्या दिवशी कोणाला नीट आठवत नाही. भाजीवाल्याचा माल तिसऱ्या दिवशी परत मिळणं म्हणजे न मिळणंच.

घरी नसलेली माणसं

नाशिक जिल्ह्यात नमुना काढताना सगळ्यात मोठी चूक होते ती ऋतूची. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकमधली कुटुंबं भातकापणीनंतर दिंडोरी-निफाडच्या बागांत, शहरातल्या बांधकामांवर जातात. जानेवारीत पाड्यावर जाऊन प्रत्येक पाचवं घर घेतलंत तर बहुतेक म्हातारी माणसं भेटतात आणि रेशन ‘नीट मिळतं’, कारण ती तिथेच असतात. ज्यांचं अडतं ती मळ्यावर झोपडीत असतात: बाळ गावच्या अंगणवाडीच्या पटावर पण तिथे नाही, आणि मळ्याजवळच्या अंगणवाडीत नाव नाही. एक देश एक रेशनकार्डमुळे कार्ड कुठेही चालायला हवं. चालतं का, हे पेठ फाट्यासारख्या मजूर नाक्यांवर सकाळी विचारल्याशिवाय कळत नाही. म्हणून तोच फॉर्म दोन ठिकाणी भरायचा, मूळ गावी आणि कामाच्या जागी, आणि वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्यात आणि एकदा द्राक्षांच्या हंगामात.

प्रश्न ‘नेहमी’, ‘साधारण’ असे नकोत. ‘मागच्या महिन्यात’ असा विचारा.

माहिती अधिकार: कागद मागा, खुलासा नको

महाराष्ट्रात माहितीचा अर्ज एका विषयावर आणि 150 शब्दांत बसवावा लागतो. शुल्क 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना पुराव्यासह माफ. झेरॉक्स पानाला 2 रुपये. उत्तराची मुदत 30 दिवस. जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर 48 तास. उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर 30 दिवसांत पहिलं अपील, नंतर 90 दिवसांत दुसरं अपील माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे. दोन्हींना 20-20 रुपये.

‘पाणीपुरवठा का होत नाही?’ या प्रश्नाला ‘प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देय नाही’ असं उत्तर येतं. त्याऐवजी ‘अमुक गावाच्या टँकर लॉगबुकची 1 ते 30 एप्रिलची प्रत’ मागा. प्रती मागण्याआधी प्रत्यक्ष अवलोकन, म्हणजे कार्यालयात बसून कागद पाहणं, मागावं. पहिला तास मोफत असतो आणि नेमकी कोणती पानं हवीत ते तिथे कळतं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती कायद्याने वैयक्तिक माहितीची सूट रुंदावली आहे, त्यामुळे लाभार्थ्यांची नावं मागाल तर नकार येण्याची शक्यता मोठी. संख्या मागा: किती अर्ज आले, किती मंजूर, किती नामंजूर, कारणवार.

दुसऱ्या अपिलाच्या सुनावणीला बराच काळ लागतो. त्यामुळे सगळी देखरेख माहिती अधिकारावर उभी करू नका. तुमची स्वतःची मोजणी हा पाया, कार्यालयाचा कागद पडताळणीपुरता.

मारहाण, अत्याचार, भेदभाव

इथे वरची पद्धत लागू नाही. ही प्रकरणं सर्वेक्षणाने गोळा करू नयेत. पीडिताला एकाच जाणत्या माणसाने, एकदाच, सविस्तर ऐकावं. पाच कार्यकर्त्यांना पाच वेळा सांगितलेल्या हकिकतीत तपशील हलतात आणि बचावाचा वकील नेमकं तेच धरतो. वैद्यकीय तपासणी आधी, निवेदन नंतर.

दखलपात्र गुन्ह्यात (ज्यात पोलिस न्यायालयाच्या परवानगीशिवाय तपास करू शकतात) एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात 2013 मध्ये सांगितलं. हद्द कोणतीही असो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार नोंद होते आणि प्रत मोफत मिळते. ठाण्याने नाकारलं तर ग्रामीण भागात पोलिस अधीक्षकांकडे, शहरात आयुक्तालयाकडे लेखी, आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचाराच्या प्रकरणांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता व संनियंत्रण समिती असते. तिची बैठक तीन महिन्यांतून एकदा व्हायला हवी. बैठकांच्या तारखा मागा, दोन तारखांमधलं अंतर बरंच सांगून जातं. राज्य मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून वर्षाच्या आत, मराठीत, विनाशुल्क तक्रार करता येते. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन 15100.

मोजलेलं कुठे द्यायचं

एका माणसाचं काम अडलं असेल तर सेवा हक्काचं अपील किंवा लोकशाही दिन, म्हणजे अधिकारी तक्रारी समोरासमोर ऐकतात तो दिवस. जिल्ह्याचा आणि महापालिकेचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, अर्ज 15 दिवस आधी विहित नमुन्यात द्यावा लागतो, आणि तो वैयक्तिकच असावा लागतो. गावाच्या पाण्याचं सामूहिक निवेदन तिथे घेतलं जात नाही. ते ग्रामसभेत ठराव करून न्यावं. पेठ, सुरगाणा, कळवणसारख्या पेसा क्षेत्रात (पेसा म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना खास अधिकार देणारा कायदा) तर ग्रामसभेच्या ठरावाला वेगळं वजन आहे. ठरावाची प्रत त्याच दिवशी, सही-शिक्क्यासह घ्या. इतिवृत्त ‘नंतर लिहिलं’ की ठरावातले आकडे गळतात. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच आहे, त्यामुळे आश्रमशाळांच्या प्रश्नात नाशिक किंवा कळवणच्या प्रकल्प कार्यालयानंतर तिथपर्यंत जायला एसटीचं एक तिकीट पुरतं.

अहवाल दोन पानांचा करा. मानक, किती जणांकडे पाहिलं, किती जणांना कमी मिळालं, कारणवार फोड, मागणी. ‘सगळेच’, ‘कोणालाच नाही’ हे शब्द काढून टाका. चाळीस घरांपैकी तेरांना कमी धान्य मिळालं असेल तर सत्तावीसांना पुरेपूर मिळालं हेही लिहा. एकाला जरी पूर्ण मिळाल्याचं निघालं, तर ‘सगळ्यांना’ म्हणणारा अहवाल अख्खा बाजूला ठेवला जातो.

आणि ज्यांनी माहिती दिली त्यांचं काय? दुकानदार तोच, गाव तेच, पुढच्या महिन्याचं धान्यही त्याच्याकडूनच घ्यायचं असतं. म्हणून फॉर्मवर फक्त अनुक्रमांक, नावांची यादी वेगळ्या वहीत, आणि ती वही एकाच माणसाकडे. व्हॉट्सॲप गटावर फॉर्मचे फोटो टाकू नका. गावातल्या गटात कोण कोणाचा भाऊबंद असतो हे सांगायला नको. नाव उघड करायला संमती लागते, आणि ती ‘तक्रार तुमच्या नावाने जाईल, दुकानदाराला प्रत मिळेल’ असं सांगून घ्यावी, नुसती सही घेऊन नाही. टीबी, एचआयव्ही, मानसिक आजाराची माहिती फॉर्मवर येऊच देऊ नका. तेरापैकी अकरा घरं नाव द्यायला नको म्हणाली तर दोनच तक्रारी जातील. बाकीच्या घरांचे आकडे त्या तक्रारींना बिननावाने जोडता येतात.

दुरुस्ती झाल्याचं पत्र आलं की प्रकरण बंद करू नका. तीन महिन्यांनी त्याच घरी, तोच काटा घेऊन जा, आणि आधीच्या नोंदीशेजारच्या रकान्यात नवा आकडा लिहा. हा रकाना पहिल्याच फॉर्ममध्ये छापून ठेवलेला असावा.